‘वडील’ हे विशेषण आहे

ख्रिस्ती मंडळीचा कारभार कोणी पाहावा, ह्या प्रश्नात साहित्याच्या अभ्यासकांनी का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की हा कारभार ज्या शब्दांवर चालतो ते सगळे शब्द भाषांतरातून आलेले आहेत, आणि भाषांतराने रुजवलेल्या शब्दाचे पुढे समाजात काय होते हे पाहणे आपल्या कामाचाच भाग आहे. ‘मंडळी’, ‘पाळक’, ‘वडील’, ‘सेवक’, ‘अध्यक्ष’ हे पाच शब्द मराठी बायबलातून उचलून मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांनी आपली व्यवस्था उभी केली. ह्या पाचांपैकी ‘वडील’ ह्या शब्दाची जितकी ओढाताण झाली तितकी दुसऱ्या कोणत्याही शब्दाची झाली नाही. प्रस्तुत लेखाचा दावा असा आहे की ‘वडील’ हे मराठीत मुळात विशेषण आहे. आपल्या मंडळ्यांनी त्याचे नाम केले, नामाचे पद केले आणि पदाचे वतन केले. हा प्रवास उलट दिशेने केल्यावाचून मंडळीच्या नेतृत्वाचा प्रश्न सुटणार नाही. हे केवळ व्याकरणाचे भांडण नाही. प्रभुभोजनाच्या मेजाशी कोणी बसावे, दानपेटीचा हिशेब कोणी मांडावा आणि मिशनने मागे ठेवलेल्या जमिनीवर कोणी सही करावी, हे सारे त्यावर अवलंबून आहे.

१

उदाहरणादाखल कोल्हापूर घ्यावे. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांच्या काळात वसली आणि गुळाच्या व्यापाराने नावारूपाला आली. न्यू शाहूपुरीतील वायल्डर मेमोरियल चर्च आज शहराच्या ओळखीचा भाग आहे. परंतु कोल्हापुरातील ख्रिस्ती मिशन ह्या पेठेपेक्षा जुने आहे. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरचे काम सोडून १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. त्यांना ज्या संस्थेने पाठवले होते त्या अमेरिकन बोर्डाशी पुढे त्यांचा मतभेद झाला. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन ह्यांचे म्हणणे असे की मिशनने शाळांत गुंतून पडू नये, देशी मंडळ्या लवकरात लवकर स्वतःच्या पायांवर उभ्या कराव्यात आणि त्यांचा कारभार त्यांच्याच माणसांच्या हाती द्यावा. वायल्डरांचा शाळांवर विश्वास होता. बोर्डाशी संबंध तुटल्यावर त्यांनी जवळजवळ दशकभर कोल्हापूरचे काम स्वतंत्रपणे चालवले आणि १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन केले.

ही हकिगत सांगण्याचे कारण असे की ‘वडील’ हे पद कोल्हापूरच्या ख्रिस्ती जीवनात मध्यवर्ती ठरले ते ह्या हस्तांतरामुळे. अमेरिकन बोर्डाच्या परंपरेत प्रत्येक मंडळी स्वतःपुरती स्वायत्त असे आणि महत्त्वाचे निर्णय सर्व सभासदांच्या सभेत होत. प्रेस्बिटेरियन पद्धत निराळी आहे. तिचे नावच मुळी ‘वडील’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. त्या पद्धतीत मंडळी आपल्यातून वडील निवडते. पाळक हाही एक वडीलच, शिकवणारा. बाकीचे कारभार पाहणारे. पाळक आणि वडील मिळून सभा भरवतात. नव्या सभासदाला आत घेणे, प्रभुभोजनाची व्यवस्था पाहणे, चुकलेल्याला समजावणे, आजाऱ्याच्या घरी जाणे ही त्या सभेची कामे. गोरगरिबांची आणि दानाची व्यवस्था सेवकांकडे. जमीनजुमला पाहणारे विश्वस्त हे आणखी वेगळे. स्थानिक सभेच्या वर प्रेस्बिटरी, तिच्या वर सिनड. एकट्या माणसाच्या हाती, मग तो पाळक असो की बिशप, सत्ता एकवटू नये म्हणून सोळाव्या शतकातील सुधारकांनी ही रचना केली.

म्हणजे ‘वडील’ हे पद सत्तेला वेसण घालण्यासाठी जन्माला आले. त्याचीच सत्ता कशी झाली, हा खरा प्रश्न आहे.

२

आता शब्दाकडे वळू. ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ हे तरभाववाचक विशेषण आहे: अधिक वयाचा, अधिक वडील. नव्या करारात तो शब्द साध्या अर्थानेही येतो आणि मंडळीतील जबाबदारीच्या अर्थानेही येतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडून पाहावा. त्याच्या आरंभी हा शब्द वयस्क पुरुषासाठी येतो, लगेच पुढच्या वचनात त्याचेच स्त्रीलिंगी रूप वयस्क स्त्रियांसाठी येते आणि त्याच अध्यायात थोडे पुढे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांसाठी तोच शब्द योजला जातो. मराठी भाषांतरकारांनी तिन्ही ठिकाणी ‘वडील’ हाच शब्द ठेवला. पुरुषही वडील, स्त्रियाही वडील, कारभारीही वडील.

ही निवड किती अचूक होती हे मराठीच्या व्याकरणावरून कळते. ‘थोरला’ हा शब्द निवडला असता तर ‘थोरली’ हे स्त्रीलिंगी रूप वेगळे करावे लागले असते. ‘वडील’ हे अविकारी विशेषण आहे. वडील भाऊ, वडील बहीण, वडील जाऊ, वडील मंडळी. लिंग बदलले तरी शब्द बदलत नाही. मोल्सवर्थने आपल्या कोशात तो विशेषण म्हणूनच नोंदला आहे. ‘वडीलधारी माणसे’ म्हटले की त्यात आजीही येते आणि आत्याही येते. किंबहुना पुष्कळ घरांत तीच आधी येते. बापाला ‘वडील’ म्हणणे हा त्या विशेषणाचा एक उपयोग झाला. घरात जो मोठा त्याचे नाव न घेता त्याच्या मोठेपणाचा उल्लेख करण्याची ती अदबीची रीत होती.

मंडळ्यांमध्ये मात्र हा एकच उपयोग उरला. ‘वडील’ म्हणताच डोळ्यांपुढे बाप उभा राहतो, आणि बाप हा घरात एकच असतो, पुरुषच असतो व मरेपर्यंत बापच असतो. शब्दाच्या एका छटेने पदाचे तीन नियम ठरवून टाकले: संख्या मर्यादित, लिंग ठरलेले, मुदत तहहयात. ह्यांपैकी एकही नियम ग्रीक मुळात नाही आणि मराठी शब्दातही नाही.

‘अध्यक्ष’ ह्या शब्दाचेही असेच झाले. मराठी बायबलात तो ‘एपिस्कोपोस’साठी, म्हणजे देखरेख करणाऱ्यासाठी येतो, इतर परंपरांत त्याचाच बिशप झाला. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल इफिस येथील मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो आणि थोड्याच वेळाने त्याच माणसांना अध्यक्ष म्हणतो. तेथे ती दोन पदे नाहीत, एकाच कामाची दोन नावे आहेत. आज आपल्या कानाला ‘अध्यक्ष’ म्हटले की हार, खुर्ची आणि ध्वनिक्षेपक आठवतात. भाषांतरकार त्याला कसे जबाबदार? शब्द त्यांनी दिला, खुर्ची आपण आणली.

आणि ‘मंडळी’? हा तर स्त्रीलिंगी शब्द. जुन्या मराठीत गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करीत. मंडळी ही ख्रिस्ताची वधू, हे रूपक नव्या करारात आहेच. मराठीने नकळत त्याला घरगुती जोड दिली. वधूचा एवढा गौरव करणाऱ्या परंपरेत वधूच्या लेकींना कारभाराच्या बैठकीत जागा नसावी, ह्यातील विसंगती एकाही प्रवचनात येऊ नये हे नवल नव्हे काय?

३

नामाचे पद झाले इथवर समजण्यासारखे आहे. संस्था म्हटली की पदे आलीच. परंतु पदाचे वतन झाले ते आपल्या मातीच्या गुणाने. मराठेशाहीतील वतनाचे तंटे ज्यांनी वाचले आहेत त्यांना ‘वडीलपण’ आणि ‘धाकटेपण’ हे शब्द परिचित असतील. पाटिलकीच्या दोन शाखांत वडील कोण ह्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. कागदावर नांगराची निशाणी आधी कोणाची, पोळ्याला पुढे बैल कोणाचा, होळीची पोळी पहिली कोणाची, विडा आधी कोणाच्या हाती. वडीलपण ही मिळकत होती: तिची वाटणी होई, ती विकताही येई. वय आणि शहाणपण ह्यांच्याशी तिचा संबंध उरलेला नव्हता.

आपल्या मंडळ्यांत जेव्हा अमुक घराण्याचा माणूस वडील असलाच पाहिजे असे गृहीत धरले जाते, बापाच्या मागे मुलाचे नाव आपोआप पुढे येते, पुढच्या बाकावरची जागा न सांगता राखली जाते, तेव्हा आपण बायबल चालवत नसतो, वतन चालवत असतो. त्याला ग्रीक नाव देऊन काही उपयोग नाही. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द मालमत्तेला शोभतो. सेवा वडिलोपार्जित असू शकत नाही.

कोल्हापुरात तरी ह्याचे भान असावयास हवे होते. ज्या राजाच्या नावाने शाहूपुरी ओळखली जाते त्याने १९१८ मध्ये कुलकर्णी वतने नाहीशी करून पगारी तलाठी नेमले आणि त्याच वर्षी महार वतनाच्या जुलमी पद्धतीलाही हात घातला. गावाचे दप्तर एका घराण्याच्या पेटीत राहिले की गाव त्या घराण्याचे होते, हे त्या राजाने ओळखले होते. मंडळीचे दप्तर कोणाच्या पेटीत आहे, हा प्रश्न त्याच्याच पेठेत विचारणे अप्रस्तुत कसे ठरेल?

४

वतनाला मोल येते ते जमिनीमुळे. मिशनऱ्यांनी मागे शाळा, वसतिगृहे, दवाखाने, बंगले आणि मोकळ्या जागा ठेवल्या. स्वातंत्र्यानंतर मिशन हळूहळू मागे सरले आणि ह्या मालमत्तेची काळजी देशी संस्थांकडे आली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने अशा संस्थांना धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत आणले. कायदा आवश्यक होता. त्याविषयी तक्रार नाही. पण कायद्याला ‘वडील’ ठाऊक नाही, त्याला ‘विश्वस्त’ ठाऊक आहे. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. स्थावर मिळकत विकावयाची असेल तर कलम ३६ खाली परवानगी घ्यावी लागते. ज्याचे नाव नोंदवहीत त्याची सही चालते.

इथे एक सूक्ष्म पण घातक बदल झाला. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत वडील, सेवक आणि विश्वस्त ही तीन कामे वेगळी ठेवण्यामागे शहाणपण होते: जो आत्म्यांची काळजी वाहतो त्याच्या हाती किल्ल्या नसाव्यात आणि ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याने कोणाला प्रभुभोजन द्यावे हे ठरवू नये. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तिसऱ्या कामाने पहिली दोन गिळून टाकली. निवडणुकीत चुरस होते ती आजाऱ्यांच्या घरी कोण जाईल ह्यावरून होत नाही. मग दोन गट पडतात, दोन बदल अर्ज दाखल होतात, आणि रविवारच्या उपासनेपेक्षा धर्मादाय कार्यालयातल्या तारखेला गर्दी अधिक जमते.

१९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतातील सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ह्या ऐक्याचे मोल मोठे आहे. परंतु त्या रचनेत ‘प्रेस्बिटर’ म्हणजे दीक्षित पाळक. बिशप, प्रेस्बिटर आणि डीकन अशा तीन पायऱ्या झाल्या आणि सामान्य सभासदांचा प्रतिनिधी पास्टरेट कमिटीचा मेंबर झाला. म्हणजे ‘वडील’ हा शब्द सामान्य माणसाच्या हातून पाळकाच्या हाती गेला आणि सामान्य माणसाच्या वाट्याला ‘कमिटी’ आली. भाषेच्या दृष्टीने ही अदलाबदल लहान नाही. वडिलाकडून शहाणपणाची अपेक्षा असते, कमिटी मेंबराकडून मताची. मालमत्तेचा प्रश्न तर ऐक्यानेही सुटला नाही. गुजरातेतील ब्रदरन चर्चच्या मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की केवळ ऐक्याचा ठराव केल्याने विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, त्यासाठी कायद्याची रीत पाळावी लागते. ऐक्याच्या ठरावानंतर चार दशकांहून अधिक काळ गेल्यावर हे न्यायालयाकडून ऐकावे लागते, ह्याचा अर्थ मंडळ्यांच्या नेत्यांनी आपसांत बोलण्याचे काम वकिलांवर सोपवले होते.

५

आता ज्या अन्यायाचा उल्लेख आरंभी अध्याहृत होता त्याकडे येतो. १९२२ ह्या वर्षी महाराष्ट्राने दोन माणसे महिन्याभराच्या अंतराने गमावली. ५ एप्रिलला केडगावात पंडिता रमाबाई गेल्या आणि ६ मे रोजी शाहू महाराज गेले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. मुक्तिसदनातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले, त्यांनीच ते छापले, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. जगाच्या इतिहासात एका स्त्रीने एवढे काम केल्याची उदाहरणे शोधावी लागतील. आणि त्याच वर्षी, १९२२ मध्ये, कोल्हापूर मिशनच्या मातृसंस्थेत, म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये, कोणत्याही स्त्रीला वडील होता येत नव्हते. ज्या शब्दाचे भाषांतर त्या करू शकत होत्या तो शब्द त्यांना लावता येत नव्हता.

रमाबाईंना हा अडसर नवा नव्हता. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही ह्यावरून वाद झाला. हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. ज्या बाईने बाप्तिस्म्यापूर्वी पंडितांच्या सभांत संस्कृतात व्याख्याने दिली होती तिला ख्रिस्ती झाल्यावर पुरुषांपुढे उभे राहण्याची मनाई व्हावी, ह्याचे त्यांना आश्चर्य वाटले आणि ते त्यांनी पत्रांतून स्पष्ट शब्दांत मांडले. ए. बी. शाह ह्यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ पासून उपलब्ध आहे. आपल्या अभ्यासक्रमांत रमाबाई येतात त्या समाजसुधारक म्हणून. चर्चमधील अधिकाराविषयी वाद घालणारी विचारवंत म्हणून त्या अजून वर्गात आलेल्या नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तेच. ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी, संसारासाठी, भाषेच्या साधेपणासाठी वाचतो. रेव्हरंड टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले हे परीक्षेत लिहितो. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, पदावाचून नेतृत्व करता येते हे दाखवले, ह्याचेही कौतुक करतो. पण महाकाव्य पुढे नेणाऱ्या त्या बाईला मंडळीच्या कारभारात कोणते स्थान होते, हा प्रश्न पडत नाही. पतीच्या काव्याची जबाबदारी पेलणारी स्त्री दानपेटीच्या हिशेबाला अपुरी कशी?

‘सेवक’ ह्या शब्दाने तर हा भेद अधिकच उघडा पाडला. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबी ह्या स्त्रीचा उल्लेख आहे. ग्रीकमध्ये तिच्यासाठी ‘दियाकोनोस’ हाच शब्द आहे, जो फिलिप्पैकरांस पत्रात मंडळीच्या अधिकाऱ्यांसाठी येतो. तेथे मराठीने ‘सेवक’ लिहिले आणि इथे ‘सेविका’. व्याकरण चुकले नाही. पण मराठी वाचकाच्या मनात सेवक हे पद झाले आणि सेविका ही राबणारी बाई झाली. मिशनच्या काळात घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, बायबल वुमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया ह्याच दुसऱ्या अर्थाने सेविका होत्या. काम वडिलांचे, नाव सेविकेचे. आणि ज्या घटनेपासून सेवकपदाची परंपरा मोजतात ती तरी काय आहे? यरुशलेमेतील काही विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते, त्यांची तक्रार आली, म्हणून सात माणसे निवडली गेली. मंडळीतील पहिली निवडणूक बायकांच्या भाकरीवरून झाली. निवडले गेले ते सातही पुरुष. आपण नेमका तेवढाच भाग लक्षात ठेवला.

मातृसंस्थेने १९३० मध्ये स्त्रियांना वडील होण्याची आणि १९५६ मध्ये पाळक होण्याची वाट मोकळी केली. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये नंद्याळ येथे पुष्पा ललिता ह्यांना बिशप केले. तेव्हा अडचण शास्त्राची आहे असे म्हणण्याला आता फारसा आधार उरलेला नाही. कोणत्या मंडळीत किती स्त्रिया वडील झाल्या, हे ज्याने त्याने आपल्या चर्चच्या भिंतीवरील फलकावर वाचावे. नावे तेथे क्रमाने लिहिलेली असतात.

आणि साहित्यवाल्यांनी ह्यात वरचढपणाने हसू नये. १८७८ पासून भरणाऱ्या आपल्या संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती १९६१ मध्ये, कुसुमावती देशपांडे. २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनांत अशा स्त्रिया झाल्या सहा. वतनाची सवय केवळ चर्चची नाही. म्हणूनच हा प्रश्न आपलाही आहे.

६

ह्या भूमिकेवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला शास्त्राचा. तीमथ्याला लिहिलेल्या त्याच पत्रात स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये, असा आशय आहे, हे खरे. त्याचा अर्थ लावण्यावरून विद्वानांत वाद आहेत आणि ते इथे मिटणार नाहीत. पण जे हे वचन पुढे करतात त्यांनी पुढचाच अध्यायही पूर्ण वाचावा. अध्यक्ष द्रव्यलोभी नसावा, भांडखोर नसावा, नवशिका नसावा, बाहेरच्यांतही त्याचे नाव चांगले असावे, अशा अटी तेथे आहेत. एका वचनावर स्त्रियांना दाराबाहेर ठेवायचे आणि ह्या अटींवर एकाही पुरुषाला अडवायचे नाही, ही शास्त्रनिष्ठा नव्हे, सोय आहे.

दुसरा आक्षेप कृतज्ञतेचा. मिशन गेल्यावर, पैसा आटल्यावर, ज्या घराण्यांनी चर्चचे छप्पर शाकारले, पाळकाचा पगार दिला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना आता वतनदार म्हणून हिणवावे काय? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. त्यांचे ऋण आहेच. परंतु ऋण फेडण्याची रीत त्यांची नावे आदराने घेण्यात आहे. त्यांच्या नातवाला निवडणुकीवाचून बसवण्यात नाही. पुष्कळ प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये वडिलाची दीक्षा आजन्म असते, पण कारभाराच्या सभेवर बसण्याची मुदत ठरलेली असते. मान राहतो, आसन रिकामे होते. हा भेद पाळला तर कोणाचाही अपमान होत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा. अल्पसंख्य समाज आधीच संशयाच्या नजरेखाली असताना घरातले वाद चव्हाट्यावर का आणावेत? ही भीती खोटी नाही. परंतु झाकलेला हिशेब हे विरोधकाचे सर्वांत सोपे हत्यार असते. ज्या मंडळीचे जमाखर्च तिच्या स्वतःच्या सभासदांना ठाऊक आहेत, जिच्या विश्वस्तांची नावे सभासदांनी निवडली आहेत, तिला बाहेरून धमकावणे अवघड जाते. गुप्ततेने आजवर एकही जागा वाचलेली नाही. जागा गेल्या त्या गुप्ततेतच गेल्या.

७

मग करावे काय? मागण्या थोड्या आहेत आणि नवीन एकही नाही. वडिलांची निवड ठरावीक मुदतीसाठी व्हावी आणि सलग दुसऱ्या-तिसऱ्या मुदतीला मर्यादा असावी. वडील आणि विश्वस्त एकच असू नयेत. वर्षाचा हिशेब मराठीत लिहून, उपासनेनंतर सर्व मंडळीपुढे वाचला जावा. इंग्रजी ताळेबंदाची प्रत फायलीत आहे हे उत्तर पुरेसे मानू नये. आणि कारभाराच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात.

निम्म्या म्हटले की भुवया उंचावतात. कोल्हापुरात तरी त्या उंचावू नयेत. २६ जुलै १९०२ रोजी ह्याच संस्थानाच्या आज्ञेने रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. म्हणजे शाहूपुरीतील एखादी ख्रिस्ती बाई महापालिकेच्या सभागृहात शहराच्या पाण्याचा हिशेब विचारू शकते. तिने आपल्या मंडळीत दानपेटीचा हिशेब विचारला तर त्यात अशोभनीय काय आहे?

शिक्षकांकडून एवढीच अपेक्षा की ‘वडील’ ह्या शब्दाचा तास त्यांनी वर्गात एकदा घ्यावा. भाषांतरविचार शिकवताना आपण युरोपीय उदाहरणे धुंडाळतो. हे उदाहरण दारात आहे. एका विशेषणाला नाम होण्याची मुभा दिली की समाजात काय काय घडू शकते, हे विद्यार्थ्यांना त्यातून दिसेल. आणि मंडळीतल्या तरुण मुलींनी पुढच्या निवडणुकीत अर्ज भरताना कोणी ‘वडील’ हा शब्द तुम्हांला लागत नाही असे म्हटलेच, तर त्याला शांतपणे विचारावे: मग वडील बहिणीला तुम्ही आजवर काय म्हणत होता?